कोठार काढ नक्षी

“मध्ये तोंड उघडायचं नाही,” जीपमधून उतरता उतरता टिपणीस सरांनी मला पुन्हा बजावलं. “बाई अडल्या, चुकल्या, रडल्या, तरी नाही. तू भिंत आहेस असं समज.”

“भिंतीला कान असतात, सर.”

“कान चालतील. तोंड नको.”

येवल्यातल्या त्या गल्लीत घराघरांतून मागांची खटखट चालली होती. आम्ही आलो होतो ते महिला विणकाम प्रशिक्षण केंद्र म्हणजे एका बंद पडलेल्या शाळेचे दोन वर्ग. एकात माग मांडलेले, दुसऱ्यात एक संगणक, एक प्रिंटर आणि एक लोखंडी कपाट. दारात पन्नाशीकडे झुकलेली एक उंच बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने सरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे मात्र नीट निरखून पाहिलं.

“तुम्हीच का त्या ऑपरेटरबाई?”

“नाही हो. मी ऋजुता. मार्गदर्शिका लिहिते.”

“ऑपरेटर नाशिकची येणार म्हणतात. तुम्ही नाशिकच्या.”

“नाशिकमध्ये बरीच माणसं राहतात, ताई.”

“राहत असतील,” ती म्हणाली आणि वाट देऊन बाजूला झाली. विश्वास बसल्याची काही खूण तिच्या चेहऱ्यावर दिसली नाही.

या शैलाताई क्षत्रिय. केंद्र सुरू झालं तेव्हापासून पोरींना पैठणी शिकवत होत्या. पदरावरचे मोर-पोपट पूर्वी चौकोनी कागदावर घरं भरून काढायचे. अलीकडे पोरी ते संगणकावर, ‘नक्षी’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये काढत. आणि तिथेच शैलाताईंचं घोडं अडलं होतं; संगणक त्यांनी पोरींवरच सोडला होता. केंद्र ज्याच्या हाती, त्याला संगणक स्वतःचा स्वतः चालवता आला पाहिजे, नाहीतर ऑपरेटर नेमू, असं योजनेच्या कार्यालयातून कळवलं होतं. जागा एकच होती. ऑपरेटर आला की शैलाताई घरी. घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं, हे त्यांनी नाही, चहा आणणाऱ्या पोरीने मला दबक्या आवाजात सांगितलं.

आमचीही परीक्षाच होती. ‘कोठार’ हे टिपणीस सरांचं अपत्य. संगणकात नवा प्रोग्रॅम आणून बसवायचा, जुना झाला की बदलायचा, नकोसा झाला की घालवायचा, ही सगळी उठाठेव करणारा तो एक प्रोग्रॅम. असले प्रोग्रॅम जगात पुष्कळ आहेत, पॅकेज मॅनेजर म्हणतात त्यांना. पण त्यांना हुकूम द्यायचे ते इंग्रजीत. कोठारला मराठीत द्यायचे. ‘कोठार बघ’ म्हटलं की आत काय काय आहे ते दाखवणार. ‘कोठार आण’ म्हटलं की आणून बसवणार. सरांनी त्यात आयुष्याची चांगली वर्षं घातली होती आणि मराठीचा विषय निघाला की ते जरा नाकाने कांदे सोलायचे.

माझं काम त्याची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका लिहिण्याचं. मी ती चांगली भरघोस लिहिली होती. सरांनी लाल पेन घेतलं आणि तिचं पार चिपाड करून टाकलं. “एवढंही ज्याला कळत नाही त्याने संगणकाला हात लावू नये,” हे प्रत्येक खोडलेल्या ओळीवर त्यांचं म्हणणं. मी भांडले. दोन दिवस अबोलाही धरला. शेवटी पगार ते देत होते, मी घेत होते, त्यामुळे लाल पेन जिंकलं.

कुलथे मॅडम आल्या त्या हातात जेवणाचा डबा आणि बगलेत फाइल घेऊन. योजनेच्या अधिकारी त्या. ठेंगण्या, काटकुळ्या, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा. कोठार जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांना द्यायचं की नाही, आणि शैलाताईंना ठेवायचं की नाही, हे दोन्ही त्यांच्याच हाती होतं.

“ताई, हे मशीन आणि ही मार्गदर्शिका,” त्या म्हणाल्या. “नक्षीची नवी आवृत्ती आणायची. पोरींनी केलेली कुठलीही एक नक्षी उघडायची. कागदावर छापून माझ्या हातात द्यायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे. कोणी बाहेरून एक शब्द जरी सांगितला, तरी परीक्षा रद्द आणि तुमच्या नावापुढे ‘चालवता येत नाही’ असं जाईल. पटतंय?”

“पटलं नाही म्हणून काय तुम्ही थांबणार आहात?” शैलाताई म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या.

मी भिंतीशी उभी राहिले. सर खिडकीशी. खिडकीच्या गजांबाहेर प्रशिक्षणाच्या पोरी दाटीवाटीने जमल्या होत्या.

पहिला खड्डा पासवर्डचा. तो लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही, एक टिंबसुद्धा नाही, आणि नवीन माणसाला वाटतं मशीन बंद पडलं. ती सूचना सरांनी खोडली होती. पण शैलाताईंनी मला अवाक केलं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. एकेक कळ शोधायची, तिच्यावर बोट रोखायचं आणि ढेकूण चिरडावा तशी ती दाबायची. काय उमटलं, काय नाही, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. खड्डा कधी ओलांडला ते त्यांना कळलंही नाही.

मग त्यांनी मार्गदर्शिकेवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं आणि लिहिलं : कोठार आण नक्षी.

मशीन घरघरलं. पडद्यावर ओळी धावल्या. शेवटी एक वाक्य येऊन थांबलं : नक्षी कोठारात आली आहे.

“आली म्हणे,” शैलाताई म्हणाल्या. बाहेर पोरी खुसखुसल्या. कुलथे मॅडमनी नुसती मान हलवली.

शैलाताई वाट पाहत बसल्या. काही होईना. होणारच नव्हतं. आता हुकूम लिहायचा तो काळा पडदा बाजूला सारायचा आणि कोपऱ्यातल्या नावावर दाबून नक्षी उघडायची, एवढंच राहिलं होतं. पण ते सांगायचं कोणी? ‘आता पुढे काय?’ अशा नावाचं एक अख्खं पान मी लिहिलं होतं. त्यावर सरांनी एकच तिरकी रेघ मारली होती.

शैलाताईंनी पान उलटलं. पुढच्या भागाचं नाव होतं ‘कोठारातून पॅकेज काढणे’.

“हां, हे बघा. कोठारात आणलं, आता काढायचं.” त्यांचा चेहरा उजळला. बोट ओळीवरून सरकलं. “कोठार काढ, आणि पुढे नाव.”

त्यांनी लिहिलं : कोठार काढ नक्षी.

कोठारच्या भाषेत ‘काढ’ म्हणजे पुसून टाक. मुळापासून, मागे काही न ठेवता. आणि पोरींच्या सगळ्या नक्ष्या त्या वेळी प्रोग्रॅमच्या पोटातच राहायच्या; तो गेला की त्याही गेल्या. त्यांची दुसरी नक्कल कुठे आहे का, हे मी सकाळी चहा पिताना विचारलं होतं. कुठेही नव्हती.

मशीनने प्रश्न विचारला. शैलाताईंनी तो कौतुकाने वाचला. “नक्षी आणि तिच्याबरोबरचे सर्व काही काढायचे? हो की नाही?” मग पोरींकडे वळून म्हणाल्या, “सगळंच काढू का, विचारतंय. शहाणं आहे गं.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनीही वाचलं होतं. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, पण ओठ घट्ट मिटलेले.

कदाचित त्या स्वतःच ‘नाही’ लिहितील, असं मी मनाशी घोकत होते. माणूस एवढा मोठा प्रश्न पाहून बिचकतो, मागचं पान पुन्हा वाचतो. मी आत्ता बोलले तर त्यांची जागा माझ्या जिभेने घालवली असं होईल. न बोलावं आणि त्यांनी ‘हो’ म्हणावं, तर जागाही जाईल आणि पोरींचं वर्षभराचं कामही. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. बोट कळांवरून फिरलं आणि ‘ह’वर उतरलं. मग ओकाराची मात्रा शोधू लागलं. सापडली. मग एंटरकडे निघालं.

“ताई, थांबा. ते दाबू नका.”

पलीकडचा मागसुद्धा थांबला असं मला वाटलं.

“झालं,” कुलथे मॅडम म्हणाल्या आणि पेन उघडलं. “परीक्षा रद्द.”

शैलाताई हळूच वळल्या. बोट अजून एंटरच्या वरच होतं.

“मिळाली जागा?” त्यांनी मला विचारलं. “सकाळीच ओळखलं होतं मी. चांगलं चाललं होतं माझं, तर तुला बघवलं नाही.”

“ताई, मला तुमची जागा नको. ते काढ म्हणजे पुसून टाक आहे. पोरींच्या सगळ्या नक्ष्या जातील.”

“काढ म्हणजे पुसून टाक?” त्या म्हणाल्या. “कुठल्या गावात?”

खरंच, कुठल्या गावात?

“मी शेणवईची पोर आहे,” शैलाताईंचा आवाज चढला. “आमच्या घरी कणगी होती. आई म्हणायची, कणगीतले दाणे काढ. म्हणजे काय उकिरड्यावर फेक? कोठारातून माणूस काढतो ते खायला काढतो, वापरायला काढतो. मला काय येडी समजता का?” त्यांनी बोट आणखी खाली नेलं. “आता रद्दच झाली ना परीक्षा? मग दाबतेच. बघू दे सगळ्यांना काय निघतंय ते.”

“ताई, नको. सरांना विचारा हवं तर. त्यांनीच बनवलंय.”

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. सर तसेच उभे. त्यांना हो म्हणणं किती जड होतं ते खोलीत मला एकटीला कळत होतं. ‘खरं आहे’ म्हणायचं, म्हणजे आपण बांधलेलं कोठार एका सरळ बाईला सरळ खड्ड्यात नेतं हे अधिकाऱ्यासमोर कबूल करायचं. गप्प बसायचं, म्हणजे दोष बाईंच्या अडाणीपणावर ढकलायला रस्ता मोकळा.

“सर,” शैलाताई म्हणाल्या, “ही खरं सांगते का?”

टिपणीस सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

“खरं सांगते. सगळं जाईल. तो ‘हो’ खोडा आणि ‘नाही’ लिहा.”

शैलाताईंनी बोट उचललं. ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं.

कुलथे मॅडम मार्गदर्शिका उचलून चाळत होत्या. “टिपणीस, यात ‘नको असलेलं’ असा शब्द कुठेच नाही. नुसतं ‘काढणे’.”

“ते उघड आहे, मॅडम. इंग्रजीत रिमूव्ह म्हणतात. रिमूव्ह म्हणजे काढणे.” पण म्हणताना त्यांच्या आवाजातला ताठा गेला होता.

“मी पोस्टात खातं काढलं,” शैलाताई म्हणाल्या, “ते बंद करायला काढलं का? धाकट्या दिराने दुकान काढलं. चांगलं चाललंय.”

“तिकीट काढलं,” खिडकीतून एक पोर म्हणाली.

“फोटो काढला,” दुसरी म्हणाली.

“पुरे,” कुलथे मॅडम म्हणाल्या, पण त्यांनाही काहीतरी सुचलेलं दिसलं. त्यांनी फाइल मांडीवर घेतली. “कारणाच्या रकान्यात काय लिहू? चालवणाऱ्याची चूक लिहिली तर ताई जातात. कोठारची चूक लिहिली तर कोठार जातं. मग जिल्ह्यात कुठेच येत नाही. तुम्ही सांगा.”

सरांनी सांगायला फार वेळ घेतला. चष्मा सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. लाल पेनाचा मला इतका राग होता, पण त्या क्षणी मला त्या माणसाची दया आली हे खरं.

“माझी लिहा,” ते म्हणाले.

कुलथे मॅडमनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. “जेवून आल्यावर लिहीन. तोवर काय दुरुस्त करायचं ते करा.” त्या डबा घेऊन मागांच्या खोलीत गेल्या.

आम्ही तिघं उरलो. सर लॅपटॉप उघडून बसले, मी त्यांच्या शेजारी, आणि शैलाताई आमच्या डोक्यावर. जेवणाचं नाव कोणी काढलं नाही.

“हुकूम बदलतो,” सर म्हणाले. “पाच मिनिटांचं काम आहे. शब्द सांग, ऋजुता.”

“पुस.”

“पुस म्हणजे विचार,” शैलाताई म्हणाल्या. “माझी सासू म्हणायची, त्याला पुस, जेवणार आहे का.”

“बरं. मग टाक. टाकून दे या अर्थी.”

“पोरी परवाच मला म्हणत होत्या, ताई, तुमच्या मोबाइलमध्ये ते अमुक टाकून देऊ का. टाक म्हणजे आत घाल. तुमच्या त्या ‘आण’सारखंच झालं.”

सरांनी कपाळाला हात लावला. आठ-दहा शब्द आले नि गेले. ‘हटव’ त्यांना स्वतःलाच परकं वाटलं. ‘मोड’ म्हटलं तर शैलाताई म्हणाल्या, मोडायचं तर हातोडा आणा. सरांचा धीर सुटत चालला होता आणि बाहेर डब्याची झाकणं वाजायला लागली होती.

“काढून टाक,” शैलाताई म्हणाल्या.

“त्यात काढही आलं आणि टाकही,” सर वैतागून म्हणाले. “दोन्ही तुम्हीच नाकारलेत.”

“सुटं सुटं नाकारलं. एकत्र म्हणा. ‘काढून टाक’ म्हटलं की कोणाला शंका येत नाही.” त्या थांबल्या. “महिन्यापूर्वी कार्यालयातून फोन आला होता. संगणक जमला नाही तर तुम्हाला काढून टाकू, म्हणाले. मी काही पुन्हा विचारलं नाही. एका दमात कळलं.”

सरांची बोटं कळांवरच थांबली. मग त्यांनी खाली मान घालून शब्द बदलला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू लिहिलेलं ते पान आणलंयस का? पुढे काय, ते.”

“लॅपटॉपमध्ये आहे. खोडलेल्या सगळ्याच ओळी आहेत.”

“घाल सगळ्या.”

मी घातल्या. तेवढ्यात सरांनी दुरुस्त केलेलं कोठार केंद्राच्या संगणकात बसवलं आणि नक्षीची जुनी आवृत्ती परत ठेवली. नव्या मार्गदर्शिकेचा कागद प्रिंटरमधून बाहेर येतो न येतो तोच कुलथे मॅडम हात पुसत दारात आल्या. शैलाताई खुर्चीकडे निघाल्या.

“तुम्ही नको, ताई.”

“का? झालं ना दुरुस्त?”

“म्हणूनच. खड्डा कुठे आहे ते तुम्हाला आता ठाऊक झालं. ठाऊक असलेल्या माणसाची परीक्षा घेऊन मला काय कळणार? अजिबात न कळणारं माणूस पाहिजे.” त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पोरींनी सकाळपासून सगळं पाहिलेलं. मॅडमनी फाइल टेबलावर ठेवली. “मी बसते.”

“तुम्ही?” सर म्हणाले.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही. आजवर मी मजकूर सांगत आले, टाइप करणारे दुसरे. माझ्याइतकी कोरी पाटी तुम्हाला मिळायची नाही.” त्या बसल्या, मग मान वळवून शैलाताईंना म्हणाल्या, “नियम तोच. कोणी एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर मी सकाळचाच शेरा लिहीन.”

शैलाताईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकल्या. पोरींना दिवसभर ओरडून शिकवणारी बाई ती. तिची भाकरी आता दुसऱ्याच बाईच्या दोन बोटांवर होती, आणि तिने ओरडायचं नव्हतं.

कुलथे मॅडम शैलाताईंच्या उलट. डोळे सतत पडद्यावर. पासवर्डची पहिली अक्षरं दाबली आणि थांबल्या. पडदा कोरा. पुन्हा दाबली. पुन्हा कोरा. एंटर दाबून पाहिलं, तर मशीनने चूक म्हणून परत पाठवलं.

“हे उमटतच नाही,” त्या स्वतःशी म्हणाल्या.

पुन्हा तेच. पुन्हा चूक. शैलाताईंनी माझं मनगट धरलं. मी ‘आई गं’ म्हणायचीच बाकी होते. नंतरच्या काळात मी पुष्कळ मार्गदर्शिका लिहिल्या, आणि प्रत्येक वेळी असंच एक कोरं माणूस शोधून मशीनसमोर बसवते आणि मागे गप्प उभी राहते. लिहिण्यापेक्षा ते उभं राहणं अवघड. अजूनही मला ते धड जमत नाही.

“बंद पडलंय बहुतेक,” कुलथे मॅडमनी खुर्ची मागे सारली. हात फाइलीकडे गेला. “टिपणीस, मला नाही वाटत हे...”

सरांनी डोळे मिटून घेतले. शैलाताईंच्या घशातून एक आवाज निघाला, तो त्यांनी खोकल्यात घालवला. मॅडमनी वळून पाहिलं. शैलाताई छताकडे बघायला लागल्या.

मॅडमचा हात फाइलीवरून मार्गदर्शिकेवर आला. जन्मभर कागदपत्रं वाचलेली बाई. मशीनने दगा दिला तर शेवटी कागदाकडेच येणार. त्यांनी पहिल्या ओळीपासून बोट ठेवून पुन्हा वाचायला सुरुवात केली.

“‘पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीही दिसणार नाही. मशीन बंद पडलेले नाही. लिहीत राहा आणि शेवटी एंटर दाबा.’” त्या थांबल्या. “मग हे आधी सांगायला काय झालं होतं?”

सांगितलेलंच होतं, पण त्यांनी ती ओळ गाळली होती. उत्तर द्यायची कोणाची टाप नव्हती. त्यांनी पासवर्ड लिहिला, शेवटपर्यंत, पडदा कोरा ठेवून. एंटर दाबलं. मशीन पुढे गेलं.

माझं मनगट सुटलं, पण क्षणभरच. खरा खड्डा पुढे होता.

‘कोठार आण नक्षी.’ ओळी धावल्या आणि थांबल्या. पडद्यावर सरांनी दुपारीच बदललेलं वाक्य आलं : नक्षी बसवली आहे. उघडण्यासाठी ही खिडकी बंद करा आणि डाव्या कोपऱ्यातील ‘नक्षी’ या नावावर दाबा.

कुलथे मॅडमनी ते दोनदा वाचलं. कागदाचं पान उलटलं, ‘काढून टाकणे’ या शब्दांवर नजर टाकली, “हे आपल्याला नको,” असं पुटपुटून पान परत फिरवलं. शैलाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना.

मग मॅडमनी खिडकी बंद केली, नाव शोधलं, त्यावर दाबलं. नक्षी उघडली. पोरींच्या नावांची रांग आली. त्यांनी मधलंच एक नाव निवडलं, आणि पडद्यावर तोता-मैना बसले, एकेका चौकोनाने भरलेले, हिरवे आणि लाल. खिडकीत कोणीतरी “माझं” असं म्हणालं आणि बाकीच्यांनी तिचं तोंड दाबलं. प्रिंटर कण्हला. कागद बाहेर आला.

कुलथे मॅडमनी तो दोन्ही हातांनी उचलला. सकाळपासून त्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. आता हललं.

“हे मी काढलं?”

कोणी बोललं नाही.

“बोला आता. संपली परीक्षा.”

“काढली ती आमच्या उमाने,” शैलाताईंनी पदर तोंडातून सोडला. “तुम्ही छापली.”

मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि फाइल उघडली. “मला जमतं तिथे ऑपरेटर कशाला लागतो,” त्या कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या आणि रकान्यात दोन ओळी लिहून खाली सही केली. काय लिहिलं ते सरांनी मान लांब करून वाचलं, “कोठार सगळ्या केंद्रांना,” एवढंच पुटपुटले आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फाइल मिटल्यावर मॅडमनी पुन्हा पडद्याकडे वळून आणखी एका नावावर दाबलं. मोर आला. त्या खूश झाल्या. आणखी एक दाबलं.

शैलाताई पुढे झाल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

“मॅडम, झालं ना तुमचं? मग उठा. ती खुर्ची माझी आहे.”

कुलथे मॅडम उठल्या.